निवासी शाळेचे वसतिगृह : दिवसाची शिस्त उत्तम, रात्रीची अपुरी (पाचपैकी तीन तारे)

सातारा जिल्ह्यातील एका खासगी निवासी शाळेच्या वसतिगृहात माझा मुलगा सहावीपासून राहतो आणि सध्या तो आठवीत आहे. शाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. इतर पालकांना नावापेक्षा तिथल्या व्यवस्थेची माहिती अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते. प्रवेश घेताना आपण इमारत, मेस आणि दहावीचा निकाल पाहतो, पण रात्री दिवे मालवल्यानंतर मुलांकडे कोण पाहते, हे आपल्यापैकी फारच थोडे जण विचारतात. मीही ते विचारले नव्हते.

दिवसाच्या शिस्तीबद्दल तक्रारीला जागा नाही. पहाटे साडेपाचला घंटा होते. पीटी, आंघोळ, नाश्ता, शाळा, खेळ, प्रार्थना आणि रात्री दीड तास अभ्यासिका हा क्रम परीक्षेच्या काळातही मोडत नाही. पंगतीत मुले पाळीपाळीने वाढतात आणि आपले ताट आपणच घासतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये याच साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि कामेही वाटून घेत. कामातून येणारी ही शिस्त धाकातून येणाऱ्या शिस्तीपेक्षा टिकाऊ असते आणि या शाळेने तिचा काही अंश तरी जपला आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

अडचण सुरू होते ती रात्री दहानंतर. सुमारे साठ मुलांमागे एकच रेक्टर आहेत. ते दिवसा गणित शिकवतात, रात्री हजेरी घेतात, कुणाला ताप आला तर तेच जागतात आणि पहाटेच्या घंटेलाही तेच उभे असतात. माणूस अतिशय भला आहे. सहावीतल्या एका लहानग्याचे अंथरूण रात्री ओले झाले, तेव्हा घंटेच्या आधी स्वतः चादर बदलून त्यांनी ही गोष्ट इतर मुलांच्या कानावर जाऊ दिली नाही. परंतु एकट्या माणसाच्या अंगात बळ ते किती असणार? साहजिकच मुलांच्या झोपण्याच्या दोन्ही दालनांचा ताबा दहावीच्या ‘कॅप्टन’ मुलांकडे जातो आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे.

कॅप्टनकडे एक वही असते. दिवे मालवल्यावर बोलणारा, गादीची घडी न घालणारा, रांगेत उशिरा येणारा अशा प्रत्येकाचे नाव तीत चढते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या वाट्याला मैदानाच्या जादा फेऱ्या किंवा स्नानगृहाची सफाई येते. रविवारी घरून आलेला चकल्यांचा डबा कॅप्टनच्या कॉटवर पोहोचला की वहीतले नाव खोडले जाते, हे सातवी-आठवीच्या मुलांना पाठ आहे. दहावीच्या मुलांना मी दोष देत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती शिक्षेचा अधिकार आणि वर कुणाची देखरेख नाही, ही व्यवस्थाच चुकीची आहे.

दुसरी गोष्ट सामूहिक शिक्षेची. एका मुलाच्या ट्रंकेत मोबाइल सापडला म्हणून संपूर्ण दालनाचा रविवारचा घरचा फोन बंद करण्यात आला. घरच्या आठवणीने आधीच हिरमुसलेल्या लहान मुलांना त्याची सर्वांत जास्त झळ बसली, आणि रेक्टरांना काही सांगणारा मुलगा सगळ्यांचा शत्रू ठरतो, एवढाच धडा बाकीच्यांनी घेतला. त्यानंतर दालनात झालेल्या मारामारीची बातमी आम्हा पालकांना मुलांकडून समजली, तेव्हा रेक्टरांना तिचा पत्ताही नव्हता.

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास किंवा त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. तो कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांसाठी असला, तरी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ मुळे अठरा वर्षांखालील मुलाचा प्रत्यक्ष ताबा असलेल्या व्यक्तीने त्याला मारहाण करणे किंवा जाणूनबुजून दुर्लक्ष करून त्याला यातना होऊ देणे हा गुन्हा ठरतो. शिक्षक छडी उगारत नाहीत, एवढ्यावर संस्थेने समाधान मानू नये. मुलांकरवी मुलांना होणाऱ्या शिक्षेची जबाबदारीही तिने स्वीकारली पाहिजे.

आम्ही काही पालकांनी व्यवस्थापनाला लेखी विनंती केली: प्रत्येक दालनात रात्री एक प्रौढ व्यक्ती झोपावी, रेक्टरांना आठवड्याची सुट्टी आणि त्या दिवसापुरता बदली माणूस मिळावा, कॅप्टनने फक्त नोंद करावी आणि शिक्षेचा निर्णय रेक्टरांनीच घेऊन तो रजिस्टरमध्ये लिहावा. यांपैकी शेवटची मागणी लगेच मान्य झाली आणि वहीची दहशत बरीच कमी झाली आहे. दुसऱ्या रेक्टरच्या पगाराचा प्रश्न मात्र पुढच्या वर्षावर ढकलला गेला आहे. वार्षिक शुल्कात त्यासाठी थोडी वाढ झाली तरी ती भरण्याची आमची तयारी आहे, असे आम्ही कळवले आहे. प्रवेशासाठी येणाऱ्या पालकांनीही अर्ज भरण्यापूर्वी दुसऱ्या रेक्टरच्या नेमणुकीचे काय झाले, ते कार्यालयात अवश्य विचारावे आणि जमल्यास अभ्यासिका संपण्याच्या वेळी वसतिगृह स्वतः पाहून यावे.