पावतीवर ‘देणगी’ छापलंय का, ते आधी बघा

माझ्या आईला आणि आमच्या वस्तीतल्या बऱ्याच बायकांना घराच्या नावाखाली लुबाडणारी माणसं आता संस्थेचं नाव बदलून पुण्यातल्या दुसऱ्या वस्त्यांमध्ये फिरताहेत, असं कळलं. म्हणून हे लिहितेय. तुमच्या घरी धुण्याभांड्याला, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना कृपा करून वाचून दाखवा.

संस्था धर्मादाय आयुक्तांकडे खरोखर नोंदलेली होती. ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर घरकामगार, रिक्षावाले, हमाल यांच्यासाठी शहराबाहेर घरं बांधणार, साडेआठ लाखांत एक खोली-स्वयंपाकघर, त्यातले अडीच लाख सरकार भरणार, असं सांगायचे. आईचा विश्वास बसायला कारणही होतं. माझी मावशी सोलापूरची, विड्या वळणारी. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची सहकारी वसाहत आहे, २००६ साली तिचं लोकार्पण झालं. मावशी तिथंच राहते. पुढे त्याच भागात रे नगर उभं राहिलं, तीस हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या पंधरा हजार घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये झालं. त्यासाठी कामगार नेते आडम मास्तर आणि त्यांच्या लाल बावटा युनियनच्या कामगारांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, सरकारदरबारी खेटे घातले. आमच्याकडे आलेली माणसं त्याच रे नगरचे फोटो मोबाईलवर दाखवून सांगायची, “असंच इथं करायचंय.” गरिबांनी झगडून मिळवलेल्या घरांचे फोटो दाखवून गरिबांनाच लुटलं, याची मला पैसे गेल्यापेक्षा जास्त चीड येते.

पहिले ५१,००० रुपये रोख घेतले. पावती सुबक छापलेली होती. नोंदणी क्रमांक, ८०जी चा (देणगीवरच्या करसवलतीचा) शिक्का, आणि रकमेपुढे ‘गृहनिर्माण निधीस ऐच्छिक देणगी’. आईनं विचारलं होतं, देणगी का लिहिलंय म्हणून. पैसे गोळा करणारी बचत गटातली ताई म्हणाली, “काकू, ट्रस्टला बुकिंग म्हणून पैसे घेता येत नाहीत. घराच्या किमतीतनं वळते होतील.” त्या ताईनं स्वतःचेही पैसे भरले होते. तिला जे सांगितलं गेलं तेच ती पुढे सांगत होती. मग फाईलचा खर्च झाला, सोडतीची फी झाली, कर्जमंजुरीचे पैसे झाले. दर वेळी पावती देणगीचीच.

सगळा डाव त्या एका शब्दात होता. जागेवर वीटही दिसेना तेव्हा आम्ही पैसे मागायला गेलो. ऑफिसातला माणूस आवाज न चढवता म्हणाला, “देणगी परत मिळत नसते, ताई.” पोलीस चौकीतही आधी हेच ऐकावं लागलं, की तुम्ही स्वखुशीनं दान दिलंय, मग फसवणूक कुठली? उपयोगी पडले ते व्हॉट्सअ‍ॅपवरचे जुने मेसेज. त्यात आईच्या नावापुढे इमारत, मजला, घर क्रमांक आणि पुढच्या हप्त्याची तारीख होती. दान देणाऱ्याला कुणी घर क्रमांक देतं का? सगळ्या कुटुंबांचे असे मेसेज आणि पावत्या एकत्र करून आर्थिक गुन्हे शाखेकडे गेलो, तेव्हा अर्ज घेतला गेला. पैसे अजून मिळालेले नाहीत.

“आम्ही बिल्डर नाही, म्हणून आम्हाला रेरा (घर घेणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा) लागू नाही,” असं ते ठासून सांगायचे. हे धादांत खोटं आहे. विकण्यासाठी घरं बांधणारा कुणीही असो, ट्रस्ट असो की सहकारी संस्था, रेरा कायद्यात तो प्रवर्तकच, म्हणजे बिल्डरच. अगदी लहान प्रकल्प सोडले तर महारेराच्या (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या) नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही, पैसे घेणं तर दूरच. नोंदणी असली तरी विक्री करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. धर्मादाय नोंदणी म्हणजे घरं विकायचा परवाना नव्हे. सरकारी अडीच लाखांचं बोलणं अर्धं खरं होतं. प्रधानमंत्री आवास योजनेत केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळायचे, पण सरकारनं मंजूर केलेल्या प्रकल्पातल्या घरालाच. मंजुरीचं पत्र त्यांनी कधीच दाखवलं नाही. जागेचा सातबारा महाभूमीच्या साइटवर फुकट बघता येतो. आम्ही काढला तर जमीन एका शेतकऱ्याच्या नावावर, त्यावर ऊस. संस्थेचं नाव सातबाऱ्यातल्या ‘इतर हक्क’ रकान्यातसुद्धा नव्हतं. आणि ८०जी चं म्हणाल तर, दोन हजारांवरच्या रोख देणगीला करसवलतच नाही. खरी संस्था एवढी रक्कम रोखीनं मागेलच कशाला?

सध्या या माणसांचे फोन येताहेत. “रिफंडची यादी करतोय, मूळ पावती आणि आधार घेऊन या,” म्हणतात. मूळ पावती देऊ नका. कोऱ्या कागदावर किंवा ‘संमतीपत्रा’वर सही, अंगठा करू नका. पावतीच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडण्याआधी त्यातलं सगळं बोलणं दुसऱ्या फोनमध्ये साठवून घ्या, आणि पोलिसांकडे एकट्यानं न जाता वस्तीतली सगळी कुटुंबं मिळून जा.