वंशावळ जुळवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध, आमच्या अण्णांना कसं फसवलं ते वाचा

मराठवाड्यात सध्या घरोघरी जुने कागद काढणं चालूय. कुणबी नोंदी, निजामकाळचं हैदराबाद गॅझेट, त्यात मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांचा 2 सप्टेंबर 2025 चा जीआर, त्यामुळं प्रत्येकाला पणजा खापरपणजा कोण होता हे पाहिजे झालंय. आणि ह्याच गर्दीत काही लोक "वंशावळ संशोधक" म्हणून फिरायलेत. फोन करतात, घरी येतात, म्हाताऱ्या माणसांशी इतकं गोड बोलतात की विचारू नका. आमच्या घरात जे झालं ते सविस्तर लिहितोय, मोठं होईल पण पूर्ण वाचा, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा.

आमचं गाव परंडा तालुक्यात. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे चुलते 1948 च्या पावसाळ्यात रझाकाराच्या त्रासानं घर सोडून गेले. पोलीस ॲक्शन, म्हणजे निजामावर भारताची फौज आली ती, झाली सप्टेंबरात, हे त्याच्या आधीच. तेव्हा आमच्या भागातले बरेच लोक निजामाची हद्द ओलांडून बार्शीकडं गेल्ते. शांतता झाल्यावर बहुतेक परत आले, हे आलेच नाहीत. कोणी म्हणायचं वऱ्हाडात गेले, कोणी म्हणायचं मुंबईला गिरणीत. अण्णा तेव्हा मांडीवरचं लेकरू, पण आजीनं मरेपर्यंत त्या दिराचं नाव काढलं त्यामुळं अण्णांच्या मनात ते कायम राहिलं.

तर आमच्या आडनावाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, समस्त भाऊबंदांचा, तिथं असाच एक "वंशावळ संशोधक" कोणीतरी ॲड केला. निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद वाचतो, तुटलेली घराणी जोडून देतो म्हणाला. अण्णांनी फोन केला. पहिल्या फोनवर त्यानं काहीच मागितलं नाही, नुसतं ऐकून घेतलं. तासभर. आजोबांचं नाव, पणज्याचं नाव, कुलदैवत, शेताचा गट नंबर, चुलते कधी गेले, कशानं गेले, सगळं. म्हाताऱ्या माणसाचं इतकं मन लावून आजकाल कोण ऐकतं सांगा, अण्णांना तो देवमाणूस वाटला.

मग नोंदणी म्हणून 5,100 घेतले. नंतर मोडी वाचन आणि उर्दू भाषांतराचे 18,000. काही दिवसांनी घरी आला आणि जुनाट पिवळा कागद दाखवला, मोडीत लिहिलेला, खाली शिक्का, आणि सोबत मराठीत टाइप केलेली वंशावळ. त्यात अण्णांचे चुलते, त्यांची मुलं, नातवंडं, आणि वाशीम जिल्ह्यातला पत्ता. शिवाय वर म्हणे तुमच्या घराण्याचं नाव 1881 च्या गॅझेटमध्ये पण आहे. अण्णा रडले हो. आम्ही त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

मग व्हिडिओ कॉल झाला. समोर अण्णांच्याच वयाचे एक काका, त्यांची मुलं, सुना. ते काका पण रडले. फक्त एक गोष्ट, हा माणूस प्रत्येक कॉलवर मध्ये असायचाच, कॉल तोच लावायचा, आणि दोन्हीकडचा थेट नंबर कोणालाच द्यायचा नाही. कारण काय तर "आधी कागद पक्के होऊ द्या, नाहीतर जमिनीवरून गैरसमज होतात". पुढं आठवडाभरात त्याचा फोन, की तिकडच्या काकांना हार्टचा त्रास झाला, ऑपरेशन आहे, ते लोक लाजेपोटी मागत नाहीत पण तुम्ही रक्ताचे आहात. अण्णांनी 60,000 पाठवले, त्याच्याच खात्यावर.

मला पैशाचं हे सगळं कळालं ते त्यानं स्टॅम्प पेपर आणला तेव्हा. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचंय, अण्णांचं आधार आणि सातबारा द्या, सही करा म्हणून. हे लक्षात घ्या, प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ म्हणजे नुसता घराण्याचा तक्ता नसतो, वारस नोंदीला, वाटणीला तीच लावतात. उद्या कोणी वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मागितला तर तुमचीच सही तुमच्यापुढं ठेवतील. मी सही थांबवली आणि कागद मोडी येणाऱ्या एका सरांकडं नेला.

त्यांनी हातात घेतल्या घेतल्या सांगितलं की हे हातानं लिहिलेलंच नाही. मोडी लिहिताना आधी पूर्ण ओळभर रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं जोडत जातात, त्यामुळं एकच अक्षर दर वेळी थोडं वेगळं येतं. ह्या कागदावर प्रत्येक अक्षर साच्यातून काढल्यासारखं, म्हणजे कॉम्प्युटरवरचा मोडी फॉन्ट, चहाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर छापलेला. दुसरं, कागदावर फसली, म्हणजे निजामकाळचं महसुली साल, 1325 आणि शेजारी इसवी सन 1890 लिहिलेलं. आपल्याकडच्या फसलीत साधारण 590 मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे 1325 फसली म्हणजे 1915 च्या आसपास. जो माणूस निजामकालीन कागदांवर पोट भरतो त्याला हे येत नाही? आणि गॅझेटचं म्हणाल तर त्यात जातीनिहाय लोकसंख्येचे आकडे आहेत, घराघरातल्या माणसांची नावं नाहीत. कोणी तुम्हाला गॅझेटात तुमच्या पणज्याचं नाव दाखवतो म्हणाला तर तिथंच त्याला दाराबाहेर काढा.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा वेगळाच होता. पहिल्या फोनवर अण्णांनी पणज्याचं नाव चुकून पणज्याच्या भावाचं सांगितलं होतं, वयानुसार होतं असं. आमच्याकडचं 1954 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीची जुनी नोंद, काढून बघितलं तर त्यावर खरं नाव आहे. आणि ह्याच्या "शंभर वर्षांपूर्वीच्या" कागदावर अण्णांनी सांगितलेलं चुकीचं नाव! म्हणजे आमच्याच तोंडून ऐकलेलं आम्हालाच पैसे घेऊन परत विकलं. त्या कागदात आम्ही न सांगितलेली एकही गोष्ट नव्हती, फक्त वाशीमच्या लोकांची नावं आणि पत्ता सोडून.

मग प्रश्न आला की ते रडणारे काका कोण? अण्णा मानायलाच तयार नाहीत, म्हणायचे तो माणूस खोटा असंल पण माझा भाऊ खोटा नाही. माझ्या मुलीनं व्हिडिओ कॉलचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, मागं दुकानाच्या पाटीवर गावाचं नाव अर्धवट दिसत होतं. ओळखीच्या ओळखीनं त्या गावात फोन लावला आणि त्या घरापर्यंत पोचलो.

ते कुटुंब खरं होतं. तेही आमच्यासारखंच फसलेलं. त्यांचे पूर्वज कळमनुरी भागातून वाशीमकडं गेलेले, आणि ते आपलं मूळ घराणं शोधायलेत. त्यांना ह्यानं सांगितलं होतं की परंड्याचे लोक तुमचे भाऊबंद. त्यांच्याकडूनही नोंदणी, वाचन, सगळे पैसे घेतले आणि अण्णांच्या किडनीच्या ऑपरेशनसाठी म्हणून वेगळे घेतले. अण्णांना किडनीचा काही त्रास नाही, आणि त्या काकांना हार्टचा नाही. दोन्हीकडची म्हातारी माणसं एकमेकांच्या काळजीनं झोपत नव्हती आणि हा मधे बसून दोन्हीकडून ओढत होता. थेट बोललो तेव्हा पाच मिनिटात उलगडा झाला, एका घराण्याचं देवक एकच असतं, आणि आमचं देवक कळंब, त्यांचं पंचपालवी. हा प्रश्न कोणतीही दोन म्हातारी माणसं पहिल्याच बोलण्यात विचारतात, म्हणूनच तो त्यांना एकटं बोलू देत नव्हता.

खरी वंशावळ काढायची असंल तर एवढा पैसा लागतच नाही. तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पत्रक, जुने फेरफार, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 ची जन्ममृत्यूची नोंद, शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, ह्याच्या नकला अधिकृत फी भरून मिळतात आणि पावती मिळते. कोणी टाळाटाळ केली तर माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयात होतो, पुढं पानाला 2 रुपये. मोडी, उर्दू वाचून घ्यायचं असंल तर आधी छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयात चौकशी करा. त्र्यंबकेश्वरला, काशीला घरातलं कोणी गेलं असंल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांकडं वह्या असतात, दक्षिणा घेतात पण वही तुमच्यासमोर उघडतात, त्यात तुमच्या माणसाची स्वतःची सही, अंगठा सापडू शकतो. गावात वंशावळ सांगणारा भाट येत असंल तर त्याची वही बघा. आणि माणूस दुसऱ्या हद्दीत गेला असंल तर निजामाच्या दफ्तरात त्याचा पुढचा माग लागणार नाही, आमच्या चुलत्यांसाठी बार्शीकडचं, सोलापूर जिल्ह्याचं दफ्तर आधी बघायला पाहिजे. आता तेच करायलोय.

1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, शेवटच्या रकमेतले थोडे पैसे बँकेत होल्ड झालेत, बाकीचे आधीच काढून घेतलेले. पैसे गेल्याचं कळाल्यावर ह्या नंबरला लगेच, त्याच तासात फोन करा, जितका उशीर तितकं हाती काही राहत नाही. आम्ही इथं आणि त्या वाशीमच्या काकांनी तिकडं अशी दोन्ही ठाण्यात तक्रार दिलीय, बनावट कागद, स्टॅम्प पेपर, कॉलचे स्क्रीनशॉट सगळं जोडून. त्याचा जुना नंबर बंद आहे, पण परवा बीडकडच्या एका पाहुण्यांना तसाच फोन आला, तीच भाषा, तीच 5,100 ची नोंदणी. अशा माणसानं तुम्हाला भाऊबंद म्हणून कोणाचा फोटो पाठवला असंल तर डिलीट करू नका, घेऊन ठाण्यात जा. त्या फोटोत कदाचित आमचे अण्णा असतील.