कॉर्सची 'बेस्ट ऑफ' सीडी: सात महिने गाडीत अडकून पडल्यानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, कॉर्स ह्या आयरिश बँडची ही सीडी मी सात महिने ऐकली ती आवडली म्हणून नाही, निघेना म्हणून ऐकली. इथे आयर्लंडमध्ये, बॅलब्रिगनच्या एका चॅरिटी शॉपात (लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात) २ युरोला मिळाली, कव्हरला तडा गेलेला पण डिस्क स्वच्छ, म्हणलं चला, कॉलेजात असताना म्युझिक चॅनेलवर बघितलेली पोरं आहेत, दोन युरोत काय जातंय. गाडी २००७ ची, त्यात ब्लूटूथ नाही, फोनची वायर लावायचं ऑक्स नाही, फक्त रेडिओ आणि सीडीची फट. तर घातली. फेब्रुवारीत घातली ती आज सप्टेंबर उजाडला तरी आतच आहे.

झालं असं की त्याच आठवड्यात बॅटरी मेली. गॅरेजवाल्याने नवीन बसवली, पैसे घेतले, आणि गाडी हातात आली तर स्टिरिओवर नुसतं 'कोड' असं लिहून येतंय. बॅटरी काढली की असले जुने स्टिरिओ कुलूप लावून बसतात हे त्याला माहीत असायला नको का? तो म्हणे डीलरकडे जा. डीलर म्हणे स्टिरिओ बाहेर काढून त्याच्या बुडावरचा सीरियल नंबर आणा, मग कोड काढून देऊ, चार्ज वेगळा. चुलतभावाच्या मित्राकडे ते स्टिरिओ खेचायचे चिमटे होते, अर्धा रविवार खर्ची घालून नंबर मिळवला, कोड टाकला, स्टिरिओ चालू झाला आणि इजेक्टचं बटण मेलेलं. दाबलं की आतून कुरकुर ऐकू येते, दोन वेळा ढकलल्यासारखा आवाज होतो आणि परत पहिलं गाणं सुरू. नुसती सीडी बाहेर काढायचे दुसऱ्या गॅरेजने १८० युरो सांगितले. दोन युरोच्या सीडीसाठी १८०! गाडीचीच किंमत आता किती राहिलीय. ते सिगारेटच्या सॉकेटमध्ये लावायचं १२ युरोचं एफएम ट्रान्समीटर पण आणून बघितलं, त्यावर द्रोएडाच्या पुढे फोनमधली गाणी आणि कुठल्या तरी स्टेशनवरचा मेंढ्यांचा बाजारभाव एकत्र ऐकू येतो.

तर रोज बॅलब्रिगन ते डंडॉक आणि परत, आणि सोबत हेच चौघं. मजा म्हणजे डंडॉक हे त्यांचंच गाव. जिम, शॅरन, कॅरोलाइन, अँड्रिया, एकाच घरातली चार भावंडं, आणि मी त्यांच्याच गावाला नोकरीला चाललोय त्यांचीच गाणी ऐकत, जबरदस्तीने. जाताना साधारण नऊ गाणी होतात, गाडी बंद केली की सीडी तिथेच थांबते आणि संध्याकाळी तिथून पुढे. म्हणजे सकाळच्या गाण्यांशी माझं एक नातं आणि संध्याकाळच्या गाण्यांशी वेगळंच. सकाळी बॉइन नदीवरच्या त्या तारांच्या पुलावर आलो की बहुतेक वेळा 'ब्रेथलेस' चालू असतं. हे सांगितलं तर नाशिकहून फोनवर दादा म्हणतो, अरे वा, शंकर महादेवन ऐकतोस अजून! त्याला सांगता सांगता नाकी नऊ आले की बाबा हे वेगळं, ह्यात ती बाई व्यवस्थित श्वास घेते. २००० सालचं गाणं, मट लँग ह्या निर्मात्याबरोबर मिळून लिहिलेलं, ब्रिटनमध्ये एक नंबरवर गेलं होतं. चांगलंच आहे, सातव्या महिन्यातही कंटाळा नाही आला, हे मान्य करतो.

आता मुद्द्याचं. माझी तक्रार एकच आहे पण ती मोठी आहे. सीडी २००१ ची, नाव 'बेस्ट ऑफ', आणि आत अर्ध्या महत्त्वाच्या गाण्यांची रीमिक्स व्हर्जन्स कोंबलीत. 'सो यंग' के-क्लास ह्या डान्स म्युझिकवाल्यांचं रीमिक्स, 'रनअवे' टिन टिन आउट ह्या तसल्याच मंडळींचं रीमिक्स, 'व्हॉट कॅन आय डू' परत टिन टिन आउट, 'ड्रीम्स' तर फ्लीटवुड मॅक बँडचं गाणं, ते ह्यांनी गायलं आणि वर त्याचंही रीमिक्स. म्हणजे आपण मिसळ मागवावी आणि हॉटेलवाल्याने वर चीज किसून आणावं. खाऊ शकतो, पण मिसळ कुठेय? पहिले दोन महिने मी ह्याच गोष्टीवर चिडचिड करत होतो, बायको म्हणाली तुला सीडी अडकल्याचा राग आहे तो तू त्या बिचाऱ्यांवर काढतोयस. असेलही.

पण मग एप्रिलच्या आसपास घरात वेगळाच प्रकार सुरू झाला. इथे प्राथमिक शाळेत पोरांना टिन व्हिसल शिकवतात, आमची कन्या आली एक पितळी नळी घेऊन. सहा भोकं, डी पट्टीची, तोंडाला हिरवं प्लॅस्टिक. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर आई म्हणाली, अगं हा तर पावा, जत्रेत मिळायचा आम्हाला चार आण्याला. बरोबर आहे, आडवी बासरी नाही ही, उभी धरून नुसतं फुंकायचं, ओठांची कसरत नाही, पण जरा जोर जास्त लागला की सूर टुणकन वरच्या सप्तकात उडी मारतो आणि शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. रोज अर्धा तास. तीन आठवड्यांत 'चूं' आणि 'चीं' ह्यातून काहीतरी चाल ऐकू यायला लागली. एकदा ती गाडीत मागे बसलेली, गाणं चालू आणि एकदम म्हणाली, बाबा, ती अँड्रिया वाजवते ना व्हिसल? मग ती ऐकूच येत नाहीये नीट. आठ वर्षांची पोर. मी गाडी चालवता चालवता म्हणलं, हो गं, तेच तर.

त्या रात्री फोनवर मूळ 'रनअवे' लावलं, १९९५ च्या पहिल्या अल्बममधलं. हेडफोन लावून. सुरुवातीलाच शॅरनचं व्हायोलिन येतं, आणि ठेका सहाचा, झुलता, आपल्या दादऱ्याच्या इतका जवळचा की माझा हात आपोआप टेबलावर 'धा धिं ना, धा तिं ना' करायला लागला. आपल्या कानाला हे गाणं इतकं सोपं का जातं ते त्या दिवशी कळलं, लहानपणापासून अर्धी कोळीगीतं ह्याच चालीत डोलत ऐकलीत. मग परत गाडीतलं रीमिक्स ऐकलं. झुला तोच आहे, पण वर एवढा चकचकीत रंग दिलाय की लाकूड दिसत नाही.

आता इथे मला थोडं मागे यावं लागतंय. मे महिन्यात, डोकं शांत झाल्यावर, जरा शोधाशोध केली आणि कळलं की मूळ 'रनअवे' ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा त्याला कोणी फारसं विचारलंच नव्हतं. हेच रीमिक्स १९९९ च्या सुरुवातीला आलं आणि दोन नंबरवर गेलं. 'व्हॉट कॅन आय डू' ची पण तीच गत, रीमिक्सनेच गाडी पळवली. १९९८ च्या सेंट पॅट्रिक्स डेला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये फ्लीटवुड मॅकच्याच मिक फ्लीटवुडला ड्रम्सवर घेऊन ह्यांनी कार्यक्रम केला, तो टीव्हीवर दाखवला, आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये धो धो विक्री, 'टॉक ऑन कॉर्नर्स' त्या वर्षीचा तिथला सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. म्हणजे लोकांनी पैसे मोजून जे घेतलं तेच सीडीत आहे. मग कंपनीने फसवलं असं म्हणता येत नाही. हिट म्हणजे हिट. हे कळल्यावर 'सो यंग' च्या रीमिक्सवरचा माझा राग बराच उतरला, आणि खरं सांगायचं तर पावसाळी सोमवारी सकाळी सात वाजता ते धडधडतं व्हर्जनच कामाचं, मूळवालं लावलं असतं तर मी टोलनाक्यावरून घरी वळलो असतो.

पण एक गोष्ट माफ नाही म्हणजे नाही. अख्ख्या सीडीत नुसत्या वाजवण्याचा एकही तुकडा नाही. एकही! पहिल्या अल्बमवर 'टॉस द फेदर्स' आहे, जुनी पारंपरिक रील (नाचाची चाल), 'कॅरारो जिग' आहे, सुरुवातच 'एरिन शोर' च्या सुरांनी होते आणि तिथून सरळ गाण्यात शिरतात. 'टॉक ऑन कॉर्नर्स' वर 'पॅडी मॅकार्थी' आहे. २००० च्या 'इन ब्लू' मध्ये शॅरनने लिहिलेलं 'रेबेल हार्ट' आहे, ज्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पॉप वाद्यसंगीतात! ग्रॅमीपर्यंत गेलेला तुकडा तुमच्या 'बेस्ट' मध्ये बसत नाही? त्याच सुमारास निघालेली सीडी आहे ही! तीन नवीन गाणी घालायला जागा होती, त्यातलं सुरुवातीचं 'वुड यू बी हॅपियर' ठीक आहे, बाकी दोन नसती तरी माझं काही अडलं नसतं, मी तिथेच टॉस द फेदर्स घातलं असतं आणि विषय संपला असता.

बरं हे काही मी शुद्धतेचा झेंडा घेऊन बोलत नाहीये. ही मंडळी पॉपच आहेत, लोकसंगीताची फोडणी दिलेलं पॉप, आणि इथले जाणकार त्यांना त्यावरून नाकं मुरडतात हे पण ऐकलंय. पण ह्यांना काम मिळालं ते वाजवण्यामुळे. अमेरिकेत रेकॉर्ड कंपन्या दाद देत नव्हत्या तेव्हा न्यूयॉर्कच्या हिट फॅक्टरी स्टुडिओत, जिथे डेव्हिड फॉस्टर हा निर्माता मायकल जॅक्सनबरोबर रेकॉर्डिंग करत होता, तिथे हे सरळ वाद्यं घेऊन जाऊन धडकले आणि त्याला समोर वाजवून दाखवलं. त्यातून पहिला अल्बम झाला. कोणी रीमिक्स ऐकवून नव्हतं काम मिळवलं.

प्लांटमध्ये आमच्याकडे एक जुने टेक्निशियन आहेत, डंडॉकचेच, निवृत्तीला आलेले. माझ्या सीडीची कथा त्यांना भयंकर आवडते, रोज सकाळी कॉफीच्या मशीनपाशी विचारतात, निघाली का? त्यांनीच सांगितलं की ह्या पोरांचे आईवडील, जेरी आणि जीन, दोघंही स्वतःचा बँड घेऊन आसपास गायचे, वडील दिवसा वीज मंडळात नोकरीला. आई १९९९ मध्ये गेली, फुप्फुसाच्या ट्रान्सप्लांटची वाट बघत, न्यूकॅसलला. पुढे २००५ मध्ये भावंडांनी 'होम' नावाचा अल्बम काढला तो आईच्या गाण्यांच्या वहीतल्या जुन्या गाण्यांचा. हे ऐकल्यावर मी दोन दिवस सीडीला शिव्या दिल्या नाहीत. जूनमध्ये त्यांनीच एका शुक्रवारी पबमध्ये नेलं, कोपऱ्यात सात-आठ जण गोल करून वाजवत बसलेले, माइक नाही, स्टेज नाही. तिथे बोरॉन पहिल्यांदा जवळून बघितला, कॅरोलाइन वाजवते तो. बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफच, पण एकाच छोट्या काडीने वाजवायचा, काडीची दोन्ही टोकं पाळीपाळीने लागतात आणि दुसरा हात मागून कातड्याला दाबत राहतो त्यामुळे आवाज खालीवर होतो. माझ्या डोळ्यासमोर गावची हलगी आली, दोन काड्यांची. तो बोरॉन ह्या सीडीत शोधून दाखवा, मी त्याला चहा पाजीन.

संध्याकाळच्या गाण्यांबद्दल राहिलंच. 'फर्गिव्हन, नॉट फरगॉटन' आणि 'ओन्ली व्हेन आय स्लीप', ही दोन मात्र दमून परतताना रोज नवी वाटतात. त्यातही पहिल्या गाण्यात व्हायोलिन पुढे येतं तेव्हा मी आवाज दोन घरं वाढवतो, कारण ह्या डिस्कवर तेवढंच काय ते कोणी न पुसलेलं सापडतं. 'रेडिओ' मला पहिले चार महिने पाणचट वाटलं, आता शब्द न शब्द पाठ आहे, हे प्रेम आहे की सवय ते माहीत नाही. 'एव्हरीबडी हर्ट्स' आर. ई. एम. बँडचं, एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' ह्या साध्या वाद्यांवरच्या कार्यक्रमातून उचललंय, बायकोचं आवडतं, मला डुलकी लागते, गाडी चालवताना धोकादायक.

तर घ्यावी का? कोणाला फक्त गाजलेली गाणी एका जागी हवी असतील, पार्टीत लावायला वगैरे, तर दोन युरोला डोळे झाकून घ्या. पाच मागितले तर घासाघीस करा. मला आज कोणी विचारलं तर मी ही नाही, १९९९ चा 'अनप्लग्ड' घ्या म्हणेन, त्यात हीच गाणी बरीचशी आहेत आणि वाद्यं वाद्यांसारखी ऐकू येतात, टॉस द फेदर्सपण आहे. २००६ चं दुसरं संकलन आहे 'ड्रीम्स' नावाचं, यूटू बँडच्या बोनोबरोबरचं गाणं असलेलं, ते हाताला लागलं तर सांगतो कसं आहे.

आणि हो, मागच्या शनिवारी त्याच चॅरिटी शॉपात पहिला अल्बम मिळाला, 'फर्गिव्हन, नॉट फरगॉटन', ओरखडा नाही, दीड युरो. आनंदाच्या भरात घेतला, गाडीत येऊन बसलो, फटीपाशी हात नेला आणि मग आठवलं. आता तो ग्लव्ह बॉक्समध्ये पडलाय. कन्या म्हणते बाबा मी वाजवते ना, आणि मागच्या सीटवर तिची शिट्टी सुरू होते, पुढे टिन टिन आउट चालूच. नोव्हेंबरात गाडीची एनसीटी (इथली सक्तीची गाडी-तपासणी) आहे, पास झाली तर १८० चा विचार करीन, नापास झाली तर गाडी सीडीसकट भंगारात.