मारबत जेव्हा सुपरहीरो होते: ‘सिटी ऑफ हीरोज’चे एक परीक्षण

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत शहराची सगळी दुखणी तिच्या माथी दिली जातात आणि शेवटी तिचे दहन होते. लहानपणी इतवारीच्या गर्दीत वडिलांच्या खांद्यावरून ती पाहताना मला नेहमी वाटायचे, की ही एवढे सगळे घेऊन जाते तरी कुठे. त्या प्रश्नातून एक सुपरहीरो उभी करता येईल, हे ‘सिटी ऑफ हीरोज’ खेळू लागल्यावर सुचले, आणि गेले वर्षभर मी त्याच पात्राने खेळते आहे. म्हणून हे परीक्षण मुख्यतः एकाच बाजूने लिहिले आहे: आपण स्वतः रचलेले पात्र या खेळात किती खरेपणाने जगता येते.

क्रिप्टिक स्टुडिओजने घडवलेला हा ऑनलाइन खेळ एनसीसॉफ्टने एप्रिल २००४ मध्ये आणला आणि ३० नोव्हेंबर २०१२ रोजी बंद केला. २०१९ मध्ये चाहत्यांच्या सर्व्हरांवर तो पुन्हा सुरू झाला, आणि त्यांतल्या ‘होमकमिंग’ला जानेवारी २०२४ मध्ये एनसीसॉफ्टचा रीतसर परवाना मिळाला. मी खेळते ते तिथेच. मासिक शुल्क नाही, सर्व्हरचा खर्च देणग्यांतून निघतो, आणि खेळ जुना असल्यामुळे माझा साधा लॅपटॉपही तो सहज पेलतो.

पात्र घडवण्याच्या पडद्यावर माझ्या पहिल्या तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्या वाया गेल्या असे मला मुळीच वाटत नाही. उंची, खांद्यांची रुंदी, चेहऱ्याची हाडे, हातमोजे, पट्टे, अंगाभोवतीचे तेज, सगळे वेगवेगळे निवडता येते आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र रंग देता येतो. मारबत बांबू, कागद आणि कापडाची असते, तिचे डोळे मोठे आणि ताठ असतात. तो ताठपणा मी मुखवट्यातून आणला आणि लुगड्याचा भास लांब घागरा व कमरेच्या शेल्यातून साधला. पात्राचा उगम पाच प्रकारांतून निवडावा लागतो. मी जादू निवडली, कारण नागपूरकरांची आरोळीच तिला शक्ती देते, असे मी तिच्या परिचयात लिहिले होते. परिचयाला सुमारे हजार अक्षरांची मर्यादा आहे, आणि ती चांगली आहे. नाहीतर मी तिथे कादंबरी लिहीत बसले असते.

परंतु पोशाख आणि परिचय हे पात्राचे बाहेरचे अंग झाले. खरी परीक्षा असते ती लढताना, कारण कागदावर करुणामय असलेली नायिका प्रत्यक्षात नुसत्या गोळ्याच झाडत असेल, तर तिची कथा पहिल्याच मिशनमध्ये खोटी पडते. मी ‘डिफेंडर’ हा सोबत्यांना सांभाळणारा वर्ग आणि त्यातला ‘डार्क मायाझ्मा’ हा शक्तिसंच घेतला. त्यातल्या ‘ट्वायलाइट ग्रास्प’ या शक्तीने शत्रूचे बळ ओढले जाते आणि त्याच क्षणी आसपासच्या सोबत्यांच्या जखमा भरतात. ‘हाउलिंग ट्वायलाइट’ने पडलेले सोबती पुन्हा उभे राहतात. दुसऱ्याची पीडा ओढून घेणे म्हणजे याहून वेगळे काय असते? हा संच मुळात काळोखाचा आहे, पण शक्तींचे रंग बदलण्याची सोय असल्यामुळे माझा काळोख हळदीसारखा पिवळा आहे. कथा आणि बटण यांचा असा मेळ मला दुसऱ्या कुठल्याही ऑनलाइन खेळात मिळालेला नाही, आणि याच एका कारणासाठी मी हा खेळ निःसंकोच सुचवते.

रोल-प्लेसाठी, म्हणजे पात्राची भूमिका वठवत खेळण्यासाठी, ‘होमकमिंग’वरचा ‘एव्हरलास्टिंग’ हा सर्व्हर निवडावा, कारण पात्राच्याच भाषेत बोलणारे बहुतेक खेळाडू तिथे जमतात. ‘पॉकेट डी’ नावाच्या नाइटक्लबात नायक आणि खलनायक दोघांनाही प्रवेश असतो. माझे पात्र तिथे प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: तुझे काय घेऊन जाऊ? एका यंत्रमानवाने बराच वेळ चॅटमध्ये काहीच लिहिले नाही, आणि मग ज्यांना तो वाचवू शकला नव्हता त्यांची नावे एकेक करून सांगितली. त्याला पिवळी मारबत ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी त्याने तिला अगदी बरोबर ओळखले.

अडचणी आहेत, आणि त्या नागपूरकराने आधीच समजून घ्याव्यात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसहा झालेले असतात, त्यामुळे गजबजलेला क्लब अनुभवायचा तर पहाटे उठण्याला पर्याय नाही. कूलर लावूनही न झोपवणाऱ्या मे महिन्यात मला ते सोपेच गेले. सर्व्हर इतक्या दूर असल्याने बटण दाबल्यापासून शक्ती चालेपर्यंत किंचित वेळ जातो. डिफेंडरला तो चालतो, पण समोरासमोर भिडणाऱ्या पात्राला जाणवेल. बोलणे सगळे इंग्रजीत असते. मिशनमधली कार्यालये, गोदामे आणि गुहा त्याच त्या येतात, हा दोष तर जुन्या खेळाडूंनाही मान्य आहे. टीममध्ये मात्र लेव्हल आपोआप जुळवून घेतली जात असल्याने नवख्याला अनुभवी खेळाडूंबरोबर पहिल्याच दिवशी निघता येते.

प्रसिद्ध नायकाची हुबेहूब नक्कल करण्याच्या मोहात कोणी पडू नये. याच कारणावरून मार्व्हलने नोव्हेंबर २००४ मध्ये दावा लावला होता, जो डिसेंबर २००५ मध्ये तडजोडीने मिटला, आणि आजही अशी पात्रे नियमांत बसत नाहीत. माझा आक्षेप मात्र कायद्याचा नाही. शंभरांनी उसना घेतलेला झगा अंगावर चढवून आपल्याला सांगण्यासारखे उरते तरी काय?

एका पात्राला अनेक पोशाख ठेवता येतात, आणि मी त्यातला एक राखेचा केला आहे: करडे अंग, विझत आलेल्या निखाऱ्याचे तेज, मुखवटा नाही. गेल्या तान्ह्या पोळ्याला सकाळी साडेसहा वाजता ‘अ‍ॅटलस पार्क’मधल्या भव्य पुतळ्याखाली मी तो चढवला. जमलेल्या चौदा-पंधरा पात्रांनी आपापली पीडा चॅटमध्ये लिहून दिली होती, ती मी ओळीने मोठ्याने वाचली. मग लॅपटॉप बंद करून, मिरवणूक निघण्याआधी चांगली जागा मिळावी म्हणून, मुलीला घेऊन इतवारीत गेले.