जुन्या डिझेल गाडीसाठी दोन टाक्यांचा खाद्यतेल किट : गोव्यात घ्यावा का?

एका टाकीत डिझेल आणि दुसरीत गाळलेलं खाद्यतेल ठेवून गाडी चालवायचा हा किट. त्याची किंमत विचारण्याआधी गाडीची रोजची फेरी किती लांबीची आहे ते बघा. थंड इंजिन डिझेलवर सुरू करायचं, तेल तापलं की तेलावर जायचं आणि गाडी थांबवण्याआधी पुन्हा डिझेलवर यायचं, अशी याची रीत आहे. तेल पुरेसं तापायला साधारण १० किलोमीटर जातात. पणजी-म्हापसा अंतरच १३-१४ किलोमीटर, म्हणजे त्या फेरीत तेलाच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. रोज मडगाव-पणजी करणाऱ्याला किंवा चोर्ला घाटातून बेळगावला माल नेणाऱ्याला मात्र हा किट खरोखर उपयोगी आहे.

गाडीही योग्य हवी. इनडायरेक्ट इंजेक्शनची (इंधन थेट सिलिंडरमध्ये न फवारता शेजारच्या छोट्या कप्प्यात फवारणारी) जुनी इंजिनं, उदाहरणार्थ पहिल्या पिढीच्या इंडिकाचं १४०५ सीसी, तेल चांगलं पचवतात. इंजिनला इंधन ढकलणारा पंप बॉशच्या व्हीई जातीचा किंवा इनलाइन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या असलेला) असावा. लुकास-सीएव्हीचा रोटरी पंप असेल तर नाद सोडा. थंड, जाड तेल ओढताना त्याच्या आतल्या भागांवर ताण येतो आणि शाफ्ट तुटतो. कॉमन रेल (संगणकाने चालणाऱ्या, अति दाबाच्या इंजेक्शनच्या) गाडीला हा किट बसवून देतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका.

सगळा खेळ विस्कॉसिटीचा, म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आहे. ४० अंश सेल्सियसला डिझेलची २ ते ४.५ सेंटिस्टोक (दाटपणाचं एकक), खाद्यतेलाची ३० ते ४०. ७०-८० अंशांवर तेल १० ते १५ पर्यंत उतरतं, तेव्हाच इंजिनात इंधन फवारणारा नोझल त्याचा नीट फवारा करू शकतो. त्याहून थंड तेल अर्धवट जळतं आणि नोझलच्या टोकाला व पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत कार्बन धरतो.

किटमधला प्लेट हीट एक्स्चेंजर (इंजिनच्या गरम कूलंटने तेल तापवणारा भाग) उत्तम आहे, आकारही पुरेसा. तो पंपाच्या अगदी जवळ बसवा, मधली नळी लांब राहिली तर तेल वाटेतच निवतं. तापलेला फिल्टरही चांगला. तापमानाचा सेन्सर मात्र कूलंटच्या नळीवर दिला आहे, आणि ही मोठी चूक आहे. काटा ८० दाखवतो तेव्हा पंपाच्या तोंडाशी तेल ५० वरच असू शकतं. सेन्सर एक्स्चेंजरनंतर तेलाच्या नळीत घ्या आणि तिथे ७० अंश दिसल्याशिवाय स्विच टाकू नका.

टाकीतली गरम करायची कॉइल तांब्याची आहे. तांबं आणि पितळ तेलाला हवेतल्या ऑक्सिजनशी लवकर जोडतं, मग टाकीच्या भिंतींवर चिकट थर बसतो. कॉइल स्टेनलेस स्टील किंवा ॲल्युमिनियमचीच मागा. साधी रबरी नळी तेलाने फुगून मऊ पडते, तिथे व्हिटॉन (तेलाला टिकणारं रबर) वापरा.

तिसरा दोष सोलेनॉइड (विजेवर फिरणाऱ्या) व्हॉल्व्हच्या वायरिंगमध्ये. पुरवठ्याचा आणि रिटर्नचा (उरलेलं इंधन टाकीत परत नेणारा) व्हॉल्व्ह एकाच स्विचवर एकाच क्षणी फिरतात. त्यामुळे डिझेलवर परतताना पंपात आणि फिल्टरमध्ये उरलेलं तेल थेट डिझेलच्या टाकीत जातं. काही महिन्यांनी त्या टाकीत मिश्रण होतं आणि पहाटेचं स्टार्टिंग जड पडतं. रिटर्नच्या व्हॉल्व्हला ३० सेकंदांचा टायमर लावला की प्रश्न सुटतो. कोणताही गाडीचा इलेक्ट्रिशियन हे करून देईल.

आता तेल. किनाऱ्यावरच्या शॅकमधलं तेल सहज मिळतं, पण त्यात रवाफ्रायचा रवा, मसाल्याची पूड आणि मिठाचं पाणी असतं. मिठाचं पाणी पंप गंजवतं, बारीक रवा फिल्टर चोक करतो. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गाडी दम सोडू लागली तर आधी फिल्टरच बघावा. ड्रममध्ये तेल दोन आठवडे हलवू नका, वरचंच काढा, ६०-७० अंशांपर्यंत तापवून रात्रभर ठेवा, तळचं पाणी सोडून द्या आणि ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. नंतर तापलेल्या तव्यावर चार थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे, ते पुन्हा तापवून निवळू द्या. पावसाळ्यात उघड्या ड्रममध्ये पाणी उडून जाईल अशी आशा धरू नका, हवेतलीच ओल आत येते.

खोबरेल इंजिनात सगळ्यांत स्वच्छ. त्याचं आयोडीन मूल्य (जितकं जास्त तितकं तेल हवेत लवकर चिकटतं) १० च्या आसपास, म्हणून ते चिकट होत नाही. पण ते २४-२५ अंशांखाली गोठतं, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गोव्यात पारा त्याखाली येतो. टाकीपासूनची पूर्ण नळी तापती नसेल तर खोबरेल नको. पामोलीन मधलं, चालण्यासारखं. सूर्यफूल आणि सोयाबीन सर्वांत लवकर चिकटतात, कारण त्यांचं आयोडीन मूल्य १२० च्या पुढे जातं.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतल्या अशा बदलाला आरटीओची मंजुरी लागते. हॉटेलांनाही नियम आहेत. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यायचं असतं. मोठ्या हॉटेलच्या मागच्या दारातून तेल घेऊ नका.

किटसोबतच्या माहितीपत्रकात इंजिन ऑइलबद्दल एक ओळही नाही, आणि इंजिनं खरी मरतात ती इथे. रिंगांवरून खाली उतरलेलं डिझेल गरम ऑइलमधून बऱ्यापैकी उडून जातं, खाद्यतेल तसं उडत नाही. ते साचतं आणि पुढे ऑइलचाच जेलीसारखा गोळा होतो. कंपनीने सांगितलेल्या निम्म्या किलोमीटरला ऑइल बदला. दर आठवड्याला डिपस्टिक बघा. पातळी चढलेली दिसली तर त्याच दिवशी ऑइल बदला आणि नोझल कॅलिब्रेशनला देईपर्यंत गाडी फक्त डिझेलवर चालवा.