आईच्या स्मृतिकार्डासाठी वसईतले छपाईचे दुकान: छपाई चोख, मजकुरावर मात्र नजर हवी

माणूस गेल्यावर महिन्याने चर्चमध्ये त्याच्यासाठी होणाऱ्या मिस्सेनंतर (प्रार्थनाविधीनंतर) दारात वाटायची स्मृतिकार्डे वसई पश्चिमेच्या या दुकानात बारमाही छापली जातात. यंत्रावरचे काम उत्तम आहे. संगणकावरचे, त्यातही मराठीचे, डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते.

घडी घातल्यावर 3 बाय 4.25 इंच हा त्यांचा नेहमीचा आकार. प्रार्थनेच्या पुस्तकात नीट बसतो. कागद 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) आर्ट कार्ड, वर मॅट, म्हणजे बिनचकाकीचे लॅमिनेशन. ग्लॉस सुचवतील, घेऊ नका. दिव्याखाली चेहऱ्यावर चकाकी येते. घडीसाठी ते यंत्राने क्रीझिंग करतात, म्हणजे दुमडायच्या जागी आधी खाच दाबतात, ही जमेची बाजू. नुसते हाताने दुमडले तर टोनर (छपाईच्या रंगाची पूड) तडकतो आणि पाठीवर पांढरी, केसाळ रेघ उमटते. त्यांच्या तयार नमुन्यातली गडद जांभळी चौकट मात्र नेमकी घडीवरून जाते, तिथे क्रीझिंग करूनही रेघ दिसू शकते. चौकट आत घ्यायला सांगा किंवा घडीची जागा पांढरी ठेवा.

फोटो 2 बाय 2.5 इंचांचा छापतात, म्हणजे 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके) निव्वळ चेहऱ्याच्या चौकटीचे 600 बाय 750 पिक्सेल हवेत. लग्नातल्या बाराजणांच्या फोटोतून आई कापून काढली की एवढे उरत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. भिंतीवरची तसबीर असेल तर काचेसकट मोबाइलने टिपू नका. फोटो बाहेर काढून 600 डीपीआयला स्कॅन करून घ्या. आणि ‘चेहरा उजळू नका’ असे लिहूनच द्या. न सांगता सुरकुत्या पुसायची तिथल्या पोरांना सवय आहे. मग घरच्यांनाच ती परकी वाटते.

खरी अडचण मजकुराची. त्यांच्याकडे ‘प्रेमळ पत्नी, वत्सल माता, देवभीरू’ असा तयार मसुदा आहे. नाव बदलले की कोणाच्याही आईला बसेल. त्यापेक्षा पन्नास-साठ शब्द घरीच लिहा, आणि गुणांऐवजी तिची कामे लिहा: पहाटेच्या मिस्सेला चालत जायची, ऑक्टोबरात आळीतल्या क्रुसापुढे रोझरी सांगायची, फुलांची पाटी घेऊन दादरला जाऊन मुलांची शिक्षणे केली. वचनासाठी ते बायबलमधले नीतिसूत्रे 31:10 टाकतात. पती हयात असेल तर 31:28 जास्त शोभते. त्यात मुले तिला धन्य म्हणतात आणि नवराही तिची प्रशंसा करतो.

मजकूर युनिकोडमध्ये (मोबाइल-संगणकावरच्या आजच्या मराठी अक्षरांत) दिला तरी ते तो जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतात, आणि तिथे घोळ होतो. रफार एक घर सरकून ‘प्रार्थना’ची ‘प्राथर्ना’ होते, जोडाक्षरे सुटी पडतात. म्हणून आपण पाठवलेला मजकूर नव्हे, त्यांनी पाठवलेली पीडीएफच वाचा, तीही मोबाइलवर नव्हे, कागदावर काढून. जन्म-मृत्यूच्या तारखा दुसऱ्या कोणीतरी मोठ्याने वाचाव्यात. डिसोजा की डिसोझा, हे दफनभूमीतल्या क्रुसावर जसे असेल तसेच कार्डावर ठेवा. कादोडीतली (वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती लोकांच्या बोलीतली) एखादी ओळ घालणार असाल तर ती ‘दुरुस्त’ करू नका असे बजावा, नाहीतर तिची प्रमाण मराठी होऊन येते. मंजुरी दिल्यावर अक्षरांचे कर्व्ह करून घ्या (अक्षरे फॉन्ट न राहता आकृत्या होतात), म्हणजे दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली तरी काही हलत नाही. त्यानंतर एक कार्ड खऱ्या कागदावर छापून पाहायला मागा. ते कुरकुर न करता देतात.

मिस्सेच्या दहा दिवस आधी मजकूर द्या. छपाईला वेळ लागत नाही, दुरुस्त्यांना लागतो.

दर नगावर सांगतात, त्यात लॅमिनेशन आणि क्रीझिंग धरले आहे का ते आधीच विचारा. 13 बाय 19 इंचांच्या एका कागदात उघडी 8 कार्डे बसतात. म्हणजे 100 कार्डांनाही 13 कागद लागतात आणि 104 कार्डांनाही तेवढेच. वरची 4 मागून घ्या; आपणहून देत नाहीत. परदेशातल्या मुला-नातवंडांना पाठवायची असतील तर आणखी एक-दोन कागद आत्ताच वाढवा. नंतर दहा-वीस कार्डांसाठी गेलात तर जुळवणीचा (फाइल आणि यंत्र लावण्याचा) खर्च पुन्हा पूर्ण लावतात.