रेउसची प्रिम-फेरी: अर्धा जनरल, पूर्ण पैसे

बार्सिलोनाला लेकीकडे महिनाभर होते. वास्तुकार गाउदीच्या इमारती बघून मान अवघडली, तेव्हा जावई म्हणाले, "आई, तुम्ही इतिहासाच्या बाई. जवळच्या रेउस गावाला जा, तिथे एकोणिसाव्या शतकातल्या स्पॅनिश जनरल प्रिमवर पायी फेरी असते." माणशी 15 युरो, दोन तास, इंग्रजीतून. आयोजकांचं नाव देत नाही. वाट दाखवणारी पोरगी गोड होती, तिच्या पोटावर पाय नको.

सुरुवात प्लासा प्रिममधल्या पुतळ्याखाली. जनरल घोड्यावर. आमचे हे लगेच घोड्याचे पाय बघू लागले, कुठला वर, कुठला खाली, त्यावरून स्वार कसा मेला ते कळतं म्हणे. ती सवय सांगलीहून सोबत आली होती. जोआन प्रिम याच गावचा, जन्म 1814. कास्तिय्येखोसची लढाई मात्र पोरीने अशी रंगवली की बास. 1 जानेवारी 1860, स्पेनचं मोरोक्कोशी युद्ध. शिपाई मागे सरतायत, प्रिम झेंडा हातात घेऊन म्हणतो, पाठीवरच्या पिशव्या तुमच्या आहेत, खुशाल टाका. हा झेंडा देशाचा आहे. पुढच्याच महिन्यात तिथल्याच तेतुआन शहरापाशी कॅटलन, म्हणजे याच बार्सिलोना-रेउस भागातले स्वयंसेवक आले, त्यांच्याशी तो त्यांच्या कॅटलन भाषेतूनच बोलला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं का बोलू!

पण मी घरून थोडं वाचून गेले होते. 1843 साली याच माणसाने बार्सिलोनातला उठाव मोडायला तोफा लावल्या. जमाव म्हणाला, तुला फक्त जनरलचा कमरपट्टा, म्हणजे ते पद हवंय. त्यावरचं त्याचं उत्तर कॅटलनमध्ये म्हणीसारखं राहिलंय, 'ओ काइशा ओ फाइशा': एकतर शवपेटी, नाहीतर कमरपट्टा. इतकं चटकदार वाक्य फेरीतून गाळायचं? आणि 1848? प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधल्या स्पॅनिश वसाहतीचा गव्हर्नर असताना त्याने काढलेल्या फर्मानात, गोऱ्यावर शस्त्र उगारणारा कृष्णवर्णीय गुलाम असेल तर मृत्युदंड, स्वतंत्र असेल तर उजवा हात तोडायचा. मी विचारलं तर म्हणाली, "ते जरा गुंतागुंतीचं आहे," आणि पुढच्या चौकाकडे निघाली. वर्गात मीही असे प्रश्न टाळलेत, म्हणून ओळखलं.

शेवट पुन्हा झकास. 1868 च्या क्रांतीत स्पेनची राणी इसाबेल पळाली, पुढे प्रिम पंतप्रधान झाला, इटलीहून अमादेओला राजा म्हणून आणवलं. 27 डिसेंबर 1870 ला माद्रिदच्या बर्फात, तुर्को गल्लीत त्याच्या गाडीवर गोळ्या झाडल्या. तीन दिवसांनी गेला. मारेकरी कोण, याचा वाद आजही चालू आहे. नवा राजा माद्रिदला पोचला तो आधी प्रिमच्या शवापाशी गेला. 1971 पासून समाधी रेउसच्या दफनभूमीत आहे, पण फेरी तिथवर नेत नाही. ही मोठी चूक. आम्ही टॅक्सीने गेलो.

चालण्याचा वेग तरुणांचा. दोन तासांत बसायला एकच बाक मिळाला. गुडघे कुरकुरत असतील तर सकाळची वेळ घ्या.

पाचांपैकी तीन तारे. शेवटी चौकात वेर्मुत, म्हणजे मसालेदार वाइन पितात, बर्फ, संत्र्याची फोड, ऑलिव्ह घालून. तिकिटात तो धरलेला नाही, आम्ही आपल्या पैशाने घेतला. यांना दोन लागले.